दोन झाकणं

खालची पिठाची गिरणी रात्री नऊला थांबते,
तेव्हा माझ्या स्टुडिओचा दिवस उगवतो.
मग कूलर बंद. मे महिना, इंदोऱ्यातली गच्चीखालची खोली,
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले
आणि घामाने निथळणारी माणसं एका लाल दिव्याकडे बघत.

दारावर मीच लिहून लावलंय, जाड मार्करने:
इथे पिऊन, ओढून, गिळून बसू नये.
बाबांच्या काळी असा कागद नव्हता.
बाबांच्या काळी मिक्सरखाली बाटल्या असत,
शाळेत जाण्याआधी मी त्या भंगारवाल्याला देई,
आठ आण्याला एक.
त्या पैशांची कंपासपेटी घेतली होती. अजून आहे.

अंकुश गेडामची पोरं रॅप करतात.
"ताई, एक कश मारू दे ना, तेव्हाच फील येते."
फील पायऱ्यांवर ठेवून या, म्हटलं,
माइक भाड्याचा आहे.
कुरकुरत आली आत.
मधल्या कडव्यात अडखळली, ते मी तसंच ठेवलं.
अडखळणं त्यांचं स्वतःचं होतं.

मग श्यामराव उइके.
चाळीस वर्षं बँडपार्टीत क्लॅरिनेट,
रामबागेपासून सक्करदऱ्यापर्यंत
किती वराती त्यांच्या फुंकरीमागून चालत गेल्या.
कागद वाचला त्यांनी, चष्मा काढून, बराच वेळ.
"वरातीत शुद्धीवर कोण असते, बाई?
एक घोडी. तिले कोणी क्लॅरिनेट देत नाही."

बसले. कोरडे.
पहिला टेक, चौथा, अकरावा.
श्वास ठीक होता, बोटं नव्हती.
सुराच्या आधी चाव्या वाजत,
टक टक टक,
कोणी बाहेरून दार ठोठावतंय
आणि घरात माणसं असून उघडत नाही कोणी, तसं.
"तुह्या कूलरले पाणी लागते," म्हणाले,
"मले लागते तर गुन्हा?"
कूलर बंद आहे, श्यामराव.
ते हसले. मी नाही.

बारा वाजून दहा मिनिटांनी मी ड्रॉवर उघडला.
पव्वा होता. होता म्हणजे
मीच आणून ठेवला होता दुपारी, कमाल चौकातून,
तोंडाला स्कार्फ बांधून.
उन्हात सगळ्याच बांधतात. कोणी ओळखलं नाही.
झाकणाने मोजून दिलं. दोन झाकणं.
खोकल्याचं औषध देतात तसं.
मी डॉक्टर नाही. मी आवाज पकडते.

सतरावा टेक.
चाव्या गप्प झाल्या
आणि खालच्या रेवर ते इतका वेळ थांबले
की मीटरकडे बघायचंच राहिलं.
वरात पोचल्यावर, पैसे वाटून झाल्यावर
रिकाम्या मांडवात माणूस स्वतःसाठी वाजवेल, तसं.
चांगलं होतं का?
होतं. अकराव्यापेक्षा खूप.
हे मी कोणाला सांगत नाही.

पण पोरं पायऱ्यांवरच होती, त्यांना वास आला.
"त्याले चालते, आमाले काहून नाही?"
तुमचे हात अजून थरथरत नाहीत, म्हटलं.
उत्तर जमलं असं वाटलं मला.
ती उतरून गेली, बाईक सुरू झाल्याचा आवाज आला,
आणि मग वाटेना.
म्हणजे काय, थरथरेपर्यंत थांबा?

पाकीट मी श्यामरावांच्या सुनेच्या हातात देते.
ती पहाटे स्कूटीवर न्यायला आली,
पैसे मोजले नाहीत.
"किती दिली?"
दोन झाकणं.
"घरी चार लागते," म्हणाली,
आणि क्लॅरिनेटची पेटी पायांमध्ये नीट उभी केली.

कागद अजून दारावर आहे.
खाली कोणीतरी निळ्या पेनाने लिहिलंय:
श्यामराव सोडून.
मी खोडलं नाही, त्यावर काही लिहिलंही नाही.
टेपचा एक कोपरा सुटलाय,
सकाळी गिरणी सुरू झाली
की दार हलतं, आणि तोही.